सामाईक विहिरीचा ठराव

माझा पुढचा दात थोरल्या भावाने पाडला आणि त्याच्या भुवईवरचा वण माझ्या हातचा आहे. पाहुणे विचारतात तेव्हा आम्ही दोघंही बैलाने मारलं म्हणून सांगतो. आमच्या दावणीला इतका मारका बैल कधीच नव्हता.

जुन्नरकडच्या डिंगोरे गावाच्या अलीकडे आमची वस्ती, आठ-दहा घरांची. वडिलांची विहीर वाटणीत सामाईक राहिली. चार दिवस मोटर दादाची, चार दिवस माझी. पिण्याचं पाणी मात्र सगळी वस्ती तिथूनच शेंदायची, त्याला बारी नव्हती. बाकी ज्याची बारी, त्याची विहीर. दादाच्या दिवशी मी विहिरीकडे जातानासुद्धा खाकरून जायचो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शिवारभर टोमॅटो झाले आणि जो तो पाठीवर पंप अडकवून औषध मारायला लागला. आमच्याकडे त्याला विष कुणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. दादा आपल्या बारीला विहिरीच्या पायऱ्या उतरायचा आणि फवारणीचा पंप थेट पाण्यात बुडवून खळाखळा विसळायचा. वर बायका घागरी घेऊन थांबलेल्या. मी ओरडलो की म्हणायचा, "आज बारी माजी हाय. तुज्या दिवशी तुजं पाणी चांगलं ठेव."

जणू विष चार दिवसांनी गाठोडं बांधून गावाला जाणार होतं! दादा मूर्ख नव्हता, पण बारीपुढे त्याची अक्कल चालत नव्हती. आणि वस्तीवरच्या निम्म्या लोकांना त्याचंच पटत होतं.

मग माझी गाय गेली. दादाने पंप धुतलेलं पाणी मोटरीतून हौदात आलं, ते ती प्यायली आणि दिवस मावळायच्या आत तोंडाला फेस आणून पाय झाडत मेली. जनावरांचे डॉक्टर विषबाधा म्हणाले. दादा म्हणाला, गवत बाधलं असंल. बायको तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती आणि त्याच विहिरीचं पाणी पीत होती. गाईचं दुःख झालंच, पण खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो, आणि भ्यालो की माझे हात शिवशिवतात.

तरी आधी सरळ मार्गाने गेलो. बाटलीत पाणी भरलं आणि जुन्नरला सरकारी प्रयोगशाळेत तपासायला दिलं. कागद आला, पाणी पिण्यास योग्य. मी पुन्हा जाऊन जाब विचारला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "भाऊ, इथं जंतू बघत्यात. औषधाचं बघायची सोय आमच्याकडं न्हाई." मी टेबलावर अशी मूठ मारली की त्याचा चहा रजिस्टरवर सांडला. शिपायाने दंड धरून मला बाहेर काढलं. दादाने तो कागद मागून घेतला आणि मोटरीच्या खोलीच्या दारावर चिकटवला.

शेवटी शाळेत भरलेल्या ग्रामसभेत ठराव मांडला. पिण्याच्या विहिरीत कुणी पंप धुवायचा नाही, औषधाची बाटली विहिरीजवळ आणायची नाही. सगळ्यांनी हात वर केले, दादानेसुद्धा! बाहेर आल्यावर मी त्याला हसून म्हणालो, चला, सुटलो. तर म्हणतो कसा, "त्यो ठराव गावच्या विहिरीला. आपली सामाईक हाय, ती कशी येईल त्यात?"

तिथेच मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने मला शाळेच्या भिंतीवर आपटलं आणि तोंडावर असा गुद्दा हाणला की दात तुटून माझ्याच हातात आला. मी दगड उचलला. त्याची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी तो आंधळ्यासारखा माझा गळा शोधत होता. चौघांनी ओढून वेगळं केलं. दुसऱ्या दिवशी पंचांनी आम्हाला ओझरला नेलं आणि गणपतीसमोर नारळ फोडून हात मिळवायला लावले. वहिनीने दोघांनाही पेढा भरवला. माझं तोंड इतकं सुजलं होतं की तो चावता येईना.

आठवडा गेला. दादाची बारी आली आणि सकाळीच तो पंप घेऊन पायऱ्या उतरताना दिसला. हातात औषधाची नुकतीच उघडलेली लिटरची बाटली. मी धावत जाऊन मागून त्याच्या मानेला धरलं.

"सोड, पडशील!" तो ओरडला.

"पडू दे! दोघंबी पडू!"

मी त्याच्या पाठीत गुडघा घातला. त्याने कोपराने माझ्या फुटक्या ओठावर मारलं. तोंडात रक्ताची चव आली आणि मग माझं भान सुटलं. त्याच्या हातातली बाटली हिसकावली आणि ती त्याच्या डोक्यात घालायला उगारली. त्याने माझं मनगट पकडून पिरगाळलं. बाटली सुटली, पायरीवर आपटून फुटली आणि पाण्यात गेली. बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं.

आम्ही एकमेकांना धरून तसेच उभे राहिलो. दादाने आजवर पंपाचं धुवण सांडलं होतं. अख्खी बाटली मी ओतली होती.

मोटर लावून विहीर उपसली, पाणी पडीक रानात सोडलं. तळाशी उतरून आम्ही दोघांनी भिंती घासल्या. नवं पाणी चढलं, ते पुन्हा उपसलं. तिसऱ्यांदा चढलं तेव्हा सगळी वस्ती काठावर जमली, पण बादली कुणी सोडेना.

"तू पी आधी," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी पायऱ्या उतरून ओंजळभर प्यायलो. वास येत नव्हता, चवही चांगली होती. जंतू तर मुळीच नसणार. मी वर बघून म्हणालो, "काई न्हाई झालं. भरा."

कुणी भरलं नाही. बायकांनी घागरी उचलल्या आणि ओढ्यापलीकडच्या विहिरीची वाट धरली, अर्ध्या कोसाची. सगळ्यांच्या पुढे माझी बायको होती, पोटावर एक हात ठेवून.