शिवेपलीकडची घोंगडी

"माणसं पल्याड जायची न्हाईत!" ओढ्यावरचा शिपाई ओरडला. अल्याड भोर संस्थान, पल्याड इंग्रजांचा खालसा मुलूख. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ, म्हणून हद्द बंद.

"माणसं कुठं? देवी चाललीया," म्हातारा चिमाजी म्हणाला. "अडवतूस मरीआईला?"

शिपायानं हात जोडले, वाट सोडली.

साथ आली की मरीआईचा लाकडी गाडा सजवायचा, दुखणाईतांची कापडं त्यावर टाकायची, गाडा शिवेपलीकडं सोडायचा आणि मागं न बघता परतायचं. रोग गाड्यासंगं जातो, अशी समजूत. शिवेजवळच्या वस्तीवरल्या ठकुबाईनं त्यावर नवऱ्याची घोंगडी टाकली. तो आदल्याच दिवशी पटकीनं गेला होता.

"ठके, पल्याड तुजी लेक अंबू दिलीया न्हवं?" शेजारच्या साळूबाईनं हटकलं.

ठकुबाई तोंडाची फटकळ, पण खरी. त्या दिवशी मात्र म्हणाली, "तिचं घर शिवंपास्नं लई लांब हाय."

मैलभरही नव्हतं.

महिन्यानं हद्द खुली झाली. अंबू आली, तर कडेवर तिची तान्ही लेक नाही.

"आये, बा गेला ते म्या घोंगडीवरनं वळखलं. कोपऱ्याला तुजाच लाल टाका. निरोप यायला वाट कुठं व्हती? म्हनलं, बाची आठवन ऱ्हाईल. उचलली. धाकलीला तिच्यातच निजवली."

ठकुबाई चुलीतली लाकडं सारू लागली.

"गाड्यावर कुणी गं टाकली?" अंबूनं विचारलं.

"गावानं."

दोन वर्षांनी पुन्हा पटकी, पुन्हा गाडा. यंदा गाड्याआधी ठकुबाईच ओढ्यात उतरली. "बायांनो, ह्या कापडांना हात लावू नगा! जाळा!"

"भवाने, देवीचा कोप वडवतीस?" मागून चिमाजी कडाडला.

पलीकडं बायका पाण्याला आल्या होत्या. त्यांत अंबूही. एक बाई फणकारली, "तू कोण गं आमाला सांगनारी?"

'अंबूची आई' म्हणायला जीभ उचलेना. ठकुबाई पाण्याकडं बघत म्हणाली,

"मागल्या खेपंला घोंगडी टाकली, ती म्या."

अंबूनं रिकामी घागर तशीच काखेला मारली आणि पाठ फिरवली. बाकीच्या बायकांनी पेटवलेली कापडं काठावर जळून राख झाली, तरी ठकुबाई पाण्यातच उभी होती.