वाटीतली फुलं

इकडे परदेशात, हेन्डरसनमधल्या औषधांच्या दुकानात विभावरी गोळ्या द्यायची आणि त्याबरोबर सल्ले फुकट. माझी मैत्रीण आहे म्हणून सांगते, तिच्या जिभेला हाड नाही. २००५ च्या हिवाळ्यात तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डोळा सुधारला, ओठ मात्र वाकडाच राहिला. तेव्हापासून हसू आलं की ती तोंडावर हात धरायची. लहानपणापासूनचं भरतनाट्यमही सोडलं. अभिनयाला चेहरा लागतो, म्हणायची. मला तिचा राग यायचा आणि रडूही.

तिच्याच दुकानात बाली बेटावरची कादेक काम करायची. रविवारी ती कम्युनिटी हॉलमध्ये तिकडचा नाच शिकवायची. विभावरीला तिने ओढूनच नेलं. तिथे गुरू समोर नाही, पाठीशी उभी राहते आणि मागून हात धरून शिष्येचं अंग वळवते. विभावरी सवयीने प्रत्येक मुद्रेचा अर्थ विचारायची. कादेक म्हणायची, अर्थ राहू दे, ढोल वाजला की डोळे फिरव. या नाचात ओठ शांत असतात. बोलतात ते डोळे आणि थरथरणारी बोटं. आमच्या विभावरीबाईंना ते मानवलं.

पुढच्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत तू नाच म्हणून मी तिच्या मागे लागले. आठवडाभर तिने मला टाळलं. मग म्हणाली, "नाचते. पण चारचौघांत मला हसायला लावू नकोस."

आरती व्हायची होती, गुरुजी मोटरवेवर अडकले होते. गोंधळ नको म्हणून मंत्रपुष्पांजलीची फुलं आधीच वाटून झाली होती. विभावरी आली. तिचे डोळे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेले आणि पहिल्या रांगेतली कुजबुज थांबली. किती सुंदर दिसत होती ती. नाच स्वागताचा होता, शेवटी वाटीतली फुलं प्रेक्षकांवर उधळायची असतात. तिने उधळली.

आमचीच माणसं ती. समोरून फुलं आली, म्हणजे आता आपणही वाहायची. अख्ख्या हॉलने हातातली फुलं तिच्यावर टाकली. एक शेवंती तर थेट नाकावर बसली. कादेक घाबरून उभी राहिली.

विभावरी हसू लागली. वाटी एका हातात होती, दुसरा मोकळाच होता.

माझ्या शेजारी तिची लेक सानिका बसली होती, एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी.

"मावशी, बघ ना," ती म्हणाली, "आईने तोंडावर हात नाही धरला."

मला कुठलं दिसायला, मी रडत होते.