दोन पुरचुंड्या

हदगावहून नांदेडला जाताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. नाव मी विचारलं नाही. मांडीवर मातीच्या दोन पुरचुंड्या होत्या, तपासायला नेत होता. एक नाल्याकडच्या रानातली. तिथं त्यानं खत म्हणून कारखान्याचं मळीचं पाणी सोडून घेतलं आणि रान पांढरं पडलं. दुसरी विहिरीकडची. पेरायला आता तेवढंच रान उरलं होतं.

दोन्ही एकाच धोतराच्या फडक्यांत बांधलेल्या, त्यामुळं कोणती कुठली ते त्याला कळेना.

"नावं टाकायची की चिठ्ठीवर," मी म्हणाले.

"माती काय शाळंत चाललीय, मावशी?"

त्यानं दोन्हींतली चिमूट आळीपाळीनं जिभेवर ठेवली आणि खिडकीतून थुंकला. "तंबाखूनं जीभ मेलीय माझी. तुम्ही बघा बरं. खारट लागंल ती नाल्याची."

मी चाखली. दोन्ही खारट होत्या. तसं सांगितलं.

तो बराच वेळ गाठी सोडत आणि बांधत राहिला. मग म्हणाला, "सकाळी ठेचा खाल्ला असंल तुम्ही. मीठ राहतंय जिभंवर."

"हाव," मी म्हणाले.

"मग बरोबर हाय. एक तरी चांगलीच हाय."

नांदेडला उतरला आणि तपासायला न जाता परतीच्या गाडीत चढला. पेरणी खोळंबली होती म्हणे.

मी तोंडावर बोलणारी बाई. त्या दिवशी माझा उपास होता, पाणीसुद्धा प्याले नव्हते. तरी हाव म्हणाले. माती नक्की कुणी खाल्ली, त्यानं की मी, ते अजून कळत नाही.