रिमवरचं खोबरेल

हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. लिहितानाही दोनदा खोडलं.

आमचं घर म्हैसूरच्या बन्नीमंटपात. पूर्वज इथल्या राजाच्या घोडदळात होते, त्यांची एक तलवार अजून आहे. आयुधपूजेला आई ती खोबरेलाने पुसते, कुंकू लावते. मग दसरा संपेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. मी कॉलेजात गेले, घरातली पहिलीच, आणि शर्यतीची सायकल मिळाली. तेव्हापासून तलवारीशेजारी सायकलही पूजेला असते.

त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. चामुंडीची टेकडी चढून पुन्हा खाली यायचं. पहिल्या तिघी संघात. आम्हाला शिकवणाऱ्या सरांच्या टेम्पोत सायकली चढवल्या, तेव्हा माझी नुसती लखलखत होती.

"काय गं, हिला लग्नाला नेतेस का?" सर कन्नडमध्ये म्हणाले. सगळ्या हसल्या, मीही.

माथ्यावर मी पहिली पोचले. मागे रस्त्यावर कुणीच नव्हतं. उतारावर पहिल्या वळणाला ब्रेक दाबला, तर रबर रिमवरून घसरतच राहिलं. पाय घासत, कठड्याला धरून कशीबशी थांबले. पुढची वळणं उतरून चालत गेले. एकेक करून चौघी मला मागे टाकून गेल्या.

"चढताना वाघीण, उतरताना मांजर," सर म्हणाले. "भ्यालीस तू."

मी रिमवरून बोट फिरवलं. खोबरेलाचा वास आला. आईने चाकंही पुसली होती, अगदी मनापासून. निघण्याआधी बघायला हवं होतं, ती चूक माझी. सरांना सांगता आलं असतं. पण सगळ्या मुली तिथेच उभ्या होत्या. आईवर हसल्या असत्या.

आई दारातच होती. "आय्ता? झालं का गं?"

"नाही. पाचवी आले."

"असू दे, सुम्ने, उगाच रडू नको. सायकल तरी सगळ्यांत छान दिसली ना?"

"हो. सरसुद्धा म्हणाले."

ती खूश होऊन माझ्या पायांसाठी पाणी तापवायला आत गेली.

तेव्हापासून सर मला फक्त चढाच्या शर्यतींना पाठवतात. सरावात उतार आला की बाकीच्या एकमेकींना हाका मारत खाली सुटतात. मी टेम्पोत बसून येते. एकदा उतार उतरून दाखवू का, हे सरांना अजून विचारलेलं नाही.

यंदाही आईने सायकल पुसली. दसऱ्याला सगळे मिरवणूक बघायला गेले, मी अभ्यास आहे म्हणून थांबले. हात लावायचा नसतो त्या दिवशी मी साबणाच्या पाण्याने दोन्ही रिम धुतल्या. हँडलवरचं कुंकू तेवढं राहू दिलं.