हायरार्की आणि माझा कप

"कप बाहेर गार्डनमधल्या नळावर विसळ आणि तिथेच ठेव."

डॉक्टरांच्या बायकोने हे हळूच सांगितलं. अगदी गोड आवाजात. थोड्या वेळापूर्वी त्या मला तुम्ही म्हणत होत्या. मधे त्यांनी आडनाव विचारलं आणि मी सांगितलं.

लंडनजवळच्या इल्फर्डमधलं त्यांचं घर. सत्यनारायण. आम्ही बौद्ध दीक्षा घेतलेली माणसं, माझा पूजेशी काय संबंध? पण साठचं दशक संपत आलेलं, मी जवळच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला आलेली, कानावर मराठी शब्द पडायचा नाही. डॉक्टर आमच्याच वॉर्डवरचे. ते या म्हणाले, मी गेले.

आणि मी कप विसळला. ही लाज अजून जात नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. इंग्लंडात होते, नाही म्हणता आलं असतं. गावी आई पाटलांच्या ओसरीखाली आपला कप अशीच विसळायची. माझ्या हातांना ते पाठ होतं. खिडकीतून बायका बघत होत्या. मला मान वर करवेना.

त्याच आठवड्यात वर्गात ट्यूटर सिस्टरने फळ्यावर शब्द लिहिला. हायरार्की. खाली शिडी काढली. वर मेट्रन, मग सिस्टर, मग स्टाफ नर्स. तळाशी आम्ही.

"प्रत्येक संस्थेला ही लागतेच, गर्ल्स," ती म्हणाली. शब्द मूळचा ग्रीक. हिएरोस म्हणजे पवित्र, आर्खे म्हणजे सत्ता. आधी देवदूतांची उतरंड, मग धर्मगुरूंची, मग ऑफिसांची, हॉस्पिटलांची.

मुली लिहून घेत होत्या. माझं पेन थांबलं. पुरोहितांची सत्ता. हे शिकायला समुद्र ओलांडायची काय गरज होती? तास संपला. सिस्टरने डस्टर घेतलं आणि शिडी पुसून टाकली. मी रिकाम्या फळ्याकडे बघत बसले. म्हणजे ही पुसता येते.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये गाठलं. "रविवारी ये गं. हळदीकुंकू आहे, भांड्यांना कुणी नाहीये."

माझा रिपोर्ट वॉर्ड सिस्टरच्या हातात, आणि ती डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नाही. मी मान वर केली.

"येणार नाही, डॉक्टर. तुमची भांडी तुम्ही घासा."

रिपोर्ट वाईट आला. शिक्षण लांबलं.

आजही कुणाकडे चहा घेतला, की कप टेबलावर ठेवून उठते. लोक उर्मट म्हणतात. म्हणू देत. माझा कप मी कुणाच्या नळावर नेणार नाही.