जानेफळ शाखेतला हिरवा ठिपका

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. दिवसभर सर्व्हर सांभाळणारा माणूस मी... काही बिघडलं की शोधल्यावर कारण सापडतंच, एवढंच मला ठाऊक. तरी मागच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट कुणाला तरी सांगावीशी वाटते.

देऊळगाव राजाला एका बियाणे कंपनीच्या हेड ऑफिसात मी नोकरीला आहे. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचं नवीन अपडेट आलं होतं. त्यात नवीन सोय अशी, की कुठल्या शाखेत कोण लॉगिन आहे ते एकाच स्क्रीनवर दिसायचं. नावापुढे हिरवा ठिपका. नावावर क्लिक केलं की तिथल्या तिथे मेसेजही करता यायचा. भर दुपारी, जेवण झाल्यावर, मी ते एकेक शाखा उघडून तपासत बसलो होतो.

जानेफळ शाखेत एकच ठिपका हिरवा होता — सुधाकर.

सुधाकर तिथला ऑपरेटर. आदल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. त्याचं खातं मीच बंद केलं होतं. पुढे त्याची बायको, नंदाताई, त्याच शाखेत पॅकिंगला लागली.

वाटलं, अपडेटमध्ये जुना डेटा वर आला असेल. तरी मेसेज टाकला, "कोण बसलंय?" जरा वेळाने उत्तर आलं —

"सर, नंदाले घरी पाठवा."

शाखेच्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, सुधाकरचा कॉम्प्युटर केव्हाच खोक्यात भरून गोदामात टाकलाय. कुणीतरी चेष्टा करतंय, सोडून द्यावं, असं मनात आलं... पण सोडवेना. नंदाताईंना फोनवर बोलावून घेतलं आणि जरा घरी जाऊन या म्हटलं.

"काऊन सर? घरी मामाजी हायेत नं. सकाळी तं चांगले होते."

"तरी जाऊन या, ताई."

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. नंदाताईंचे सासरे न्हाणीपाशी पडलेले सापडले होते. घरात दुसरं कुणीच नव्हतं. ताई पोचल्या तेव्हा शुद्धीवर होते. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि सुनेच्या मांडीवरच गेले.

मी स्क्रीन पुन्हा उघडली. सुधाकरचं नाव नव्हतं. माझा प्रश्न होता, त्याखाली काहीच नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, बंद केलेलं खातं दिसूच शकत नाही.

तेरवी झाल्यावर मी जानेफळला जाऊन नंदाताईंना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "माह्यासाठी काही लिहिलं का, सर?"

मी नाही म्हणालो. खोटं बोलायचं त्या वेळी सुचलंच नाही.

ते उत्तर कुणी पाठवलं, कुठून पाठवलं, मला आजही सांगता येत नाही. शोधणंही आता सोडलंय. नंदाताई अजून तिथेच कामाला आहेत. कामानिमित्त फोन केला, की हॅलो म्हणून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहतात... मी आणखी काही सांगेन म्हणून.