मेल्यावर न्या, आप्पा

चौसाळ्यात हायवेला लागून माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे आणि त्यात चिलमी आहेत. मी विडी ओढत नाही, तंबाखू खात नाही, सुपारीसुद्धा मला सोसत नाही. तरी माझ्या पाठीमागे गावात मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. बायको तर पाहुण्यांच्या तोंडावर सांगते, "लोकांच्या घरी कपाटात देव असतात, आमच्याकडे गांजेकसांची हाडं आहेत." तिचं अगदीच चूक नाही. कपाट उघडलं की जुन्या धुराचा वास येतो आणि कपड्यांना चिकटून बसतो.

सुरुवात गेवराईकडे झाली. एका शेतावरच्या म्हाताऱ्या राखणदाराजवळ तांब्याच्या तारेने बांधलेली चिलीम दिसली. तडकलेली वस्तू फेकून न देता त्याने तिला इतकी नेटकी तार गुंडाळली होती की मला ती मागावीशी वाटली. त्याने हसत दिली. मग मला खोडच लागली. जत्रेत बसलेले साधू, मेंढपाळ, भंगारवाले, कुणालाही विचारायला मी लाजेनासा झालो. दगडाची एक मिळाली, शिसवीची एक मिळाली. पण जीव रमला तो मातीच्या चिलमीत. दिसायला काय, एक नळी, एका तोंडाला रुंद, दुसऱ्या तोंडाला अरुंद. पण भोक जरा तिरकं गेलं की ओढणाऱ्याचे गाल दुखतात, आणि भिंत एका बाजूला जाड राहिली तर पहिल्याच निखाऱ्याला ती तडकते. या दोन गोष्टी सांभाळलेली चिलीम हातात घेतली की लगेच कळतं.

अशा चिलमी करणारे एक म्हातारे कुंभार धारूरच्या अलीकडे एका गावात होते. सगळे त्यांना बाबा म्हणत, मीही म्हणायला लागलो. बाबांचा मुलगा विजेच्या चाकावर हायवेवरच्या हॉटेलांसाठी तंदुरी चहाचे कप काढतो. बाबा त्या कपांकडे बघून थुंकत. "एकदा पिऊन फोडायचं, त्याला भांडं म्हणत्यात व्हय?" असं ते मुलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. मुलगा मान वर करत नसे. घर मात्र कपांवरच चालत होतं.

बाबा तळ्यातला गाळ चाळून त्यात घोड्याची लीद आणि राख मिसळायचे. मळलेली माती ओल्या काडीभोवती थापायची, काडी फिरवत फिरवत बाहेर ओढायची, आणि अर्धवट वाळली की गोट्याने घासायची. घासणं म्हणजे तासन्‌तास घासणं. माती चकाकेपर्यंत. मग भट्टी, आणि काळी हवी असेल तर शेवटी भट्टी झाकून धूर आतच कोंडायचा. हे सगळं करताना बाबा स्वतःचीच तारीफ करत. सगळ्या तालुक्यात आपल्यासारखा हात कुणाचा नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ते पाठ म्हणू शकलो असतो.

विकायच्या चिलमी त्यांनी मला हव्या तेवढ्या दिल्या. मला हवी होती ती त्यांच्या स्वतःच्या ओठांतली. काळीभोर, वीतभर, आणि खांद्याशी अंगठ्याएवढा एक खोलगट दाब. घासताना त्यांच्या बायकोचा अंगठा रुतला होता. चिलीम बिघडली म्हणून ती फेकणार होती, तर बाबांनी तशीच भट्टीत घातली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दाबात अंगठा ठेवल्याशिवाय बाबांचा झुरका सुरू होत नसे.

मी मागितली तेव्हा म्हणाले, "ही न्हाई. ही मी मेल्यावर न्या, आप्पा."

आणि लगेच ओल्या फडक्याची छापी गुंडाळलेली तीच चिलीम माझ्यापुढे धरली. "घ्या, एक झुरका."

"मी ओढत नाही, बाबा."

"वढत न्हाई तर पाहिजे कावून? नांदवायचं न्हाई अन् नवरी पाहिजे!" आपल्याच बोलण्यावर ते खोकेपर्यंत हसले. मग म्हणाले, "तुमाला एक दिस वढायला लावतोच. जित्तेपनी न्हाई तर मेल्यावर."

पुढे धारूरच्या बाजाराला जाताना माझी गाडी आपोआप तिकडे वळायची. मी दिसलो की बाबा ओरडत, "अजून हाय बरं का आप्पा! लई घाई करू नका." पहिल्यांदा मी ओशाळलो. नंतर मीही विचारायला लागलो, "मग कधीचं ठरवलंय?" मी त्यांच्या मरणाची वाट पाहत होतो का? मी चिलमीची वाट पाहत होतो. दोन्ही एकच, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. चिलीम पुढे यायची, मी नको म्हणायचो, आणि चहा व्हायचा.

बाबा उन्हाळ्यात गेले. मुलाने फोनवर दहाव्याला बोलावलं. आदल्या दिवशी मी कपाटाचा मधला कप्पा रिकामा करून पुसून घेतला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. दहाव्याच्या सकाळी त्यांच्या घरातून निघतानाच मुलाने चिलीम माझ्या हातात दिली. "बाबा सांगून गेलाय. तुमचीच हाय." मी ती पिशवीत ठेवली आणि सगळ्यांबरोबर तलावावर गेलो.

आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, पिंड नाही आणि कावळाही नाही. त्यामुळे मी बाभळीखाली उभा राहून दुसऱ्याच्या घरचं कार्य बघावं तसं बघत होतो. पिंड मांडला. लेकीने शेजारी बाबांचा चष्मा ठेवला. एक भावकीतले म्हातारे म्हणाले, "ठिवलं ते ठिवलं. आता घरी न्यायचं न्हाई."

बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, बहिणीला अंतर देणार न्हाई." कावळे बसूनच. "मातीचं काम सोडणार न्हाई." कुणीतरी मागून म्हणालं, "कपाचं काय ते बोल बे!" मुलाने तेही कबूल केलं, कप बंद करतो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. कावळ्यांना त्याचंही काही वाटलं नाही. ऊन डोक्यावर आलं. म्हातारे म्हणाले, दर्भाचा कावळा करा आणि उरका. तशी लेक रडायला लागली. "माझा बाबा उपाशी जाईल. न्हाई, असं करू नका."

कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण बाबांचा हट्ट मला ठाऊक होता आणि तो तिथे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता. पिशवी काखेत होती. चष्मा ठेवल्यावर म्हातारे काय म्हणाले तेही मी ऐकलं होतं. मी ती आणखी घट्ट दाबून धरली. माझा जीव त्या मधल्या कप्प्यात अडकला होता.

मग मी पुढे जाऊन चिलीम बाहेर काढली आणि तंबाखू मागितली. दुखवट्यातही चार-पाच पुड्या पुढे आल्या. एकाने भरली, एकाने उपरण्याचं टोक तलावात भिजवून छापी केली. पेटवायला मुलाने हात पुढे केला.

"मलाच ओढायची आहे," मी म्हणालो.

अंगठा आपोआप त्या दाबात जाऊन बसला. पहिल्या झुरक्याला काहीच आलं नाही. दुसऱ्याला छातीत आग उतरली, मी वाकून खोकत राहिलो, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कुणीतरी फिस्कन हसलं. मग लेकही पदरात तोंड घालून हसायला लागली, रडताना हसतात तशी. धुमसती चिलीम मी पिंडाशेजारी ठेवली आणि आम्ही सगळे मागे सरलो.

एक कावळा उतरला. आधी चिलमीभोवती उड्या मारल्या, मग पिंडाला चोच लावली.

दुपार झाली होती आणि माणसं मागे सरली होती. भुकेला पक्षी दुसरं काय करणार? हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझे हात जोडलेले होते, आणि बाबांची मला फार आठवण आली.

सवयीने हात चिलमीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. मुलाने चष्मा आणि चिलीम उचलली, गुडघाभर पाण्यात जाऊन सोडली. थोडे बुडबुडे आले.

घरी बायकोने दारातच विचारलं, "आणली का?"

"नाही."

तिने जवळ येऊन माझा सदरा हुंगला. "मग हा वास कसला?"

"बाबांनी ओढायला लावली," मी म्हणालो.